परतून आलेली पांढरी बट

– बी. ए. द्वितीय वर्षातील एक विद्यार्थिनी

तुळशीचे लग्न लागले की आमच्या भागात पाहुण्यांची ये-जा सुरू होते. कापूस घरात आलेला असतो, सोयाबीनचे पैसे (आलेच तर) हातात असतात आणि उपवर मुलीचा बाप रस्त्याकडे डोळे लावून बसतो. यंदा आमच्याही घरी एक स्थळ येऊन गेले. मुलाचे वडील, मामा आणि आत्याबाई अशी तीन माणसे होती. मला साडी नेसवून, डोक्यावर पदर देऊन समोर बसवले. नाव, शिक्षण, शेतातली कोणकोणती कामे येतात, हे नेहमीचे प्रश्न झाले. मग आत्याबाई म्हणाल्या, "पदर जरा मागं सार ग बाई, वेणी बघू दे."

मी पदर मागे घेतला. माझ्या डाव्या कानाच्या वर तळहाताएवढ्या जागेतले केस पांढरेशुभ्र आहेत. वेणीत गुंफण्याइतके ते अजून वाढलेले नाहीत. कितीही तेल लावून चापून बसवले तरी ती बोटभर लांबीची बट कानावर येऊन पडतेच. त्या दिवशीही पडली.

"कोड हाय का?" आत्याबाईंनी विचारले. मला नव्हे, माझ्या आईला.

"न्हाई न्हाई," आई घाईने म्हणाली, "ल्हानपणी उकळतं पाणी सांडलं व्हतं डोक्यावर."

माझ्या तोंडून निघून गेले, "नाही आत्याबाई. मला चाई पडली होती. केस गेले होते, ते आता परत आलेत. परत येताना असेच पांढरे येतात."

पाहुणे चहा घेऊन गेले. कळवतो म्हणाले. पुढे काय झाले असेल ते वाचकांनी ओळखले असेलच. आई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि ती रागावली हे चूक होते असेही मला म्हणवत नाही. तिने माझ्यासाठीच खोटे बोलून घेतले होते, आणि मी तिला परक्या माणसांसमोर खोटे पाडले. पण त्या आठ दिवसांत एक प्रश्न मला सोडीना. माझे केस गेले तेव्हा सारी गल्ली हळहळली होती. ते परत आले तेव्हा मात्र घराने ते लपवायला घेतले. असे का?

आता थोडे मागचे सांगते. आमचे गाव गंगाखेड तालुक्यात. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. २०२४ च्या पावसाळ्यात मी बी. ए. च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला आणि त्याच श्रावणात एका सकाळी वेणी घालताना आईचा हात थांबला. रुपयाच्या नाण्याएवढी जागा गुळगुळीत झाली होती. खाज नाही, फोड नाही, दुखणे नाही. दसऱ्यापर्यंत तिच्या शेजारी दुसरी जागा झाली, दोन्ही एकमेकींना मिळाल्या आणि तळहाताएवढे टक्कल पडले. याला आपल्याकडे चाई म्हणतात. सुश्रुतसंहितेत तिचे नाव इंद्रलुप्त असे आहे. क्षुद्ररोगांच्या यादीत ती सांगितलेली आहे आणि केस पांढरे होणे, म्हणजे पलित, हा तिथे वेगळा विकार मानला आहे. इंग्रजी वैद्यकात तिला अ‍ॅलोपेशिया अ‍ॅरिएटा म्हणतात. यातला अ‍ॅलोपेशिया हा शब्द कोल्ह्याच्या ग्रीक नावावरून आला. खरजेने कोल्ह्याची लव झडते, त्यावरून. क्षुद्ररोग काय नि कोल्हा काय, पोरीच्या डोक्यावर आल्यावर त्याचे काय होते हे नाव ठेवणाऱ्यांना कोण सांगणार!

गावात तर निदान लगेच झाले. "केसाला कीड लागली." मग कीड मारण्याचे उपाय. लसूण चोळून झाला, कांद्याचा रस झाला. मामीने तिच्या गावाहून कुठल्याशा मुळीचा लेप आणला, तो लावल्यावर डोके भाजल्यासारखे होई. एका जाणत्याने ती जागा खरबरीत पानाने रक्त येईपर्यंत घासायला सांगितले. आजीने त्याला दारातूनच परत पाठवले हे तिचे माझ्यावर उपकार आहेत. माझी फणी वेगळी झाली, उशी वेगळी झाली. चुलत बहिणी माझ्याजवळ झोपेनाशा झाल्या. त्यांना कोणी तसे सांगितले असेल असे नाही. न सांगताही मुलांना कळते.

दिवाळीनंतर बाबा मला गंगाखेडहून रेल्वेने परभणीला एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेले. त्यांनी एक भिंग घेतले आणि टकलाच्या कडेचे तुटके केस पाहिले. त्यांनी मला आरशात ते दाखवले. टोकाला जाड आणि मुळाशी निमुळते असे अगदी आखूड केस. "हे कसे दिसतात, सांग बरं?" त्यांनी विचारले. मला काही सुचले नाही. "उद्गारवाचक चिन्हासारखे," त्या म्हणाल्या, "पुस्तकातही त्यांना हेच नाव आहे." शाळेत व्याकरणात हे चिन्ह आश्चर्य नि दुःख दाखवायला वापरतात असे शिकवले होते. ते माझ्याच डोक्यावर कोणी काढून ठेवले असेल असे वाटले नव्हते.

बाईंनी जे समजावले ते मी इथे माझ्या शब्दांत मांडते, कारण ही माहिती आमच्या गावात कोणालाच नव्हती आणि वाचकांपैकीही अनेकांना नसेल.

चाई कीड नव्हे आणि ती एकाची दुसऱ्याला लागत नाही. फणीने नाही, उशीने नाही. जगात शंभरातल्या साधारण दोघांना आयुष्यात केव्हा ना केव्हा ती होते. आपल्या रक्तातल्या ज्या पांढऱ्या पेशी बाहेरच्या रोगजंतूंशी लढतात, त्यांच्यापासून केसांच्या मुळांना एरवी एक प्रकारचा आडोसा असतो. चाईत हा आडोसा मोडतो आणि त्या पेशी आपल्याच केसांच्या मुळांवर तुटून पडतात. सूक्ष्मदर्शकाखाली मुळाभोवती त्यांची अशी गर्दी दिसते की डॉक्टर तिला मधमाश्यांच्या थव्याची उपमा देतात. मूळ मरत नाही. ते काम थांबवून निजून राहते. म्हणूनच गेलेला केस वर्षादोन वर्षांनीसुद्धा परत येऊ शकतो.

केसाचा रंग ही आणखी वेगळी गोष्ट आहे. केस तयार करणाऱ्या पेशींच्या शेजारी, त्याच मुळात, रंग बनवणाऱ्या पेशी असतात. केस वाढत असताना त्या त्याच्यात मेलॅनिन नावाच्या रंगद्रव्याचे कण भरत जातात. त्यामुळे केस त्वचेबाहेर येतो तेव्हा त्याचा रंग ठरून गेलेला असतो. बाहेर आलेला केस निर्जीवच. कापला तरी दुखत नाही तो म्हणूनच. चाईच्या हल्ल्याचा रोख बराचसा या रंगाच्या कारखान्याकडे असावा असे संशोधकांना वाटते, कारण काळे केस गळतात आणि त्याच जागेतले आधीचे पांढरे केस पुष्कळदा तसेच टिकून राहतात. हल्ला ओसरला की मूळ जागे होते, केस विणू लागते. पण रंगाच्या पेशी लगेच कामावर हजर होत नाहीत. म्हणून पहिला केस येतो तो लवेसारखा बारीक आणि पांढरा. पुढे काही महिन्यांनी, कधी वर्षाने, रंग भरू लागतो. बहुतेकांचा केस पूर्वीसारखा होतो. एखाद्याच्या डोक्यावर एखादी जागा पांढरी राहूनही जाते.

बाबा परतीच्या गाडीत बराच वेळ गप्प होते. पोखर्णी मागे पडल्यावर म्हणाले, "म्हंजी सोयाबीन पिवळं पडतं तसंच की. पाऊस लई झाला की पान पिवळं पडतं, पीक काही मेलेलं नसतं. वापसा आला की हिरवं व्हतं." बाबा चौथी शिकलेले आहेत. मी आजवर वाचलेल्या कोणत्याही पुस्तकात याहून सोपे स्पष्टीकरण सापडलेले नाही.

ही बाब कळल्यावर इतिहासाच्या पुस्तकातली एक जुनी गोष्टही मला निराळी दिसू लागली. १६३१ मध्ये बुऱ्हाणपूरला मुमताजमहल वारली. बुऱ्हाणपूर काही लांब नाही, जळगाव जिल्ह्याची हद्द ओलांडली की तापीकाठी आहे. त्या दुःखाने शहाजहानची दाढी थोड्याच दिवसांत पांढरी झाली असे त्याच्या दरबारातल्या इतिहासकारांनी लिहून ठेवले आहे. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिला १७९३ मध्ये गिलोटिनवर नेले, त्याआधी तिचे केस एका रात्रीत पांढरे झाले अशी कथा आहे. आपणही सहज म्हणून जातो, काळजीने केस पिकले. परंतु निर्जीव केसाचा रंग रात्रीतून उतरणार कसा? डॉक्टरांचे एक उत्तर असे की, काळे-पांढरे केस मिसळलेल्या माणसाला चाईचा मोठा झटका आला की काळे तेवढे झडतात आणि मागे पांढरे उरतात. बघणाऱ्याला वाटते, माणूस पिकला. शहाजहानचे तसेच झाले की काय हे आज कोणी सांगू शकणार नाही. पण बादशहाचे केस पांढरे झाले तर ते प्रेमाचे लक्षण ठरते आणि इतिहासात नोंदले जाते, एवढे मात्र मी पाहून ठेवले.

२०२५ चा जानेवारी उजाडला आणि आमच्या गावात माझी स्थिती आणखी बिघडली. बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा वगैरे गावांत माणसांचे केस एकाएकी हातात येऊ लागले. डोक्याला खाज सुटायची आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचे. आकडा २५० च्या वर गेला. मोबाईलवर 'टक्कल व्हायरस' असे काहीतरी नाव फिरू लागले. आमच्या गावापासून शेगाव किती लांब! पण हातपंपावर बायका माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "हिलाबी तेच झालंय की." पुन्हा फणी, पुन्हा उशी.

त्या गावांत पाणी तपासले, माती तपासली, दिल्लीहून पथके आली. फेब्रुवारीत डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपला निष्कर्ष जाहीर केला: स्वस्त धान्य दुकानातल्या गव्हात सेलेनियम हे मूलद्रव्य फार मोठ्या प्रमाणात होते. विंचूदंशावरच्या उपचारासाठी महाडला ज्यांनी आयुष्य घातले तेच हे बावस्कर, आपल्या मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. म्हणजे ते चाईचे प्रकरणच नव्हते, आणि साथीच्या विषाणूचेही नव्हते. पण तोवर त्या गावांतली लग्ने अडली होती, पाहुणे तिकडे जायला धजत नव्हते, हे आपण सर्वांनी बातम्यांत पाहिले. कारण गव्हात असो, रक्तात असो, की आणखी कशात. आपण पहिल्यांदा माणसाला दूर सारतो आणि कारण मागाहून शोधतो. कारण सापडल्यावर त्या माणसाकडे परत जाऊन "आमचं चुकलं" असे म्हणणारा मला अजून भेटायचा आहे. हातपंपावरच्या बायका भेटलेल्या नाहीत, हे नक्की.

आणि मग, महाशिवरात्रीच्या सुमारास, आईला तेल लावताना बोटाला काहीतरी लागले. लव होती. कणसावरच्या कोवळ्या तुऱ्यासारखी, पांढरी. मी आरसा घेऊन अंगणात गेले, उन्हात धरून पाहिले आणि रडले. डॉक्टरबाईंनी सांगितले होते तसेच अगदी झाले होते! मला वाटले, आता घरात पेढे वाटतील. आईने लव पाहिली आणि कपाळाला हात लावला. "मायबाई, पांढरे! आता हे कुठं दडवू?" टक्कल होते तेव्हा तिच्या मते आजार होता, आजार बरा होतो. पांढरे केस आले म्हणजे पोर म्हातारी झाली, नाहीतर कोड फुटले.

मामी पुन्हा धावून आली. या वेळी काळ्या मेंदीचे पाकीट घेऊन. मी नको म्हणत होते. पण तीन बायकांपुढे एका मुलीचे काय चालते? दुसऱ्या दिवशी पापण्या सुजून डोळे मिटले आणि कानामागून पाणी वाहू लागले. मेंदीच्या पानाचा रंग लाल-केशरी असतो हे आपण हातावर पाहतोच. ती डोक्यावर काळीभोर होते तेव्हा त्या पाकिटात पॅराफेनिलीनडायअमीन नावाचे रसायन घातलेले असते, आणि ते काहींच्या त्वचेला मुळीच सोसत नाही. मामीला मी दोष देत नाही. तिला कोणी सांगितले नव्हते. पाकिटावर लिहिले असेल, पण बारीक अक्षरात, आणि मामीला वाचता येत नाही.

मात्र मामीच्या लेपाबद्दल मला दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. मामी आजही सांगते की केस तिच्या लेपाने आले. गावातला जाणता सांगतो, मी सांगितलेल्या पथ्याने आले. डॉक्टरबाईंनी त्या जागेत महिन्या-महिन्याने बारीक सुया टोचल्या होत्या, त्या मात्र प्रामाणिकपणे म्हणाल्या, "सुयांनी मदत झाली असेल, पण इतकी लहान चाई पुष्कळदा वर्षभरात आपोआपही भरून येते." आता विचार करा. जो आजार बऱ्याच वेळा आपणहून बरा होतो, त्यावर कोणताही लेप लावा, तो गुणकारीच ठरणार! आपल्याकडे चाईवर जितके रामबाण उपाय आहेत तितके दुसऱ्या कशावर नसतील, त्याचे कारण मला इथे दिसते. आणि केस पांढरे आले की तोच वैदू म्हणतो, लेप उलटला, पथ्य मोडले. यश त्याचे, अपयश मुलीचे. ज्यांचे सगळे डोके, भुवया, पापण्या जातात त्यांची गोष्ट मात्र वेगळी. त्यांचे आपोआप भरून येणे अवघड असते. त्यांच्यासाठी आता नवी औषधे निघाली आहेत. अमेरिकेत जून २०२२ मध्ये बॅरिसिटिनिब या गोळीला अशा रुग्णांसाठी प्रथम मान्यता मिळाली. ती महाग आहे, देण्यापूर्वी क्षयाची तपासणी करावी लागते आणि बंद केली की केस पुन्हा जाऊ शकतात. तेव्हा मोबाईलवर नाव वाचून कोणी औषधाच्या दुकानात जाऊ नये.

आता माझे मत. कोणाला ते उद्धटपणाचे वाटेल, त्याला माझा इलाज नाही.

आमच्याच गल्लीत एका मुलाला दाढीत चाई पडली होती. त्याने दाढी साफ केली, प्रश्न मिटला. दुसऱ्या एकाला डोक्यात पडली, त्याने चकोट केला आणि उन्हाळाभर टोपी घालून हिंडला. दोघांची लग्ने झाली. कोणत्या आत्याबाईने त्यांना टोपी काढायला सांगितली? मुलीच्या केसाला मात्र आपल्या समाजाने भलतेच ओझे दिले आहे. विधवेचे केशवपन ही प्रथा याच मातीतली. डोक्यावर केस नाहीत म्हणजे ती अशुभ, तिने समोर येऊ नये. १८९० साली मुंबईच्या नाभिकांनी, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने, विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असे ठरवले. ज्यांचे पोट वस्तऱ्यावर, त्यांनी तो खाली ठेवला! आमच्या आजीला ही गोष्ट मी वाचून दाखवली तेव्हा ती म्हणाली, "माझ्या आजीच्या टायमाला व्हत्या तशा बाया. लेकराच्या पाचवीला त्यांना बोलवत नव्हते." प्रथा गेली, पण स्त्रीचे डोके पाहून तिचे भाग्य ठरवण्याची खोड गेली नाही.

आणि दुसरी गोष्ट तर आमच्या तालुक्याचीच. गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. विठ्ठल स्वतः जनीला न्हाऊ घाली, तिची वेणी घाली अशी परंपरेतली श्रद्धा आहे. दासीच्या विस्कटलेल्या, उवा पडलेल्या केसांत हात घालायला ज्या देवाला कमीपणा वाटला नाही, त्याचे भजन करणारी माणसे आपल्या सुनेच्या केसांत चार पांढरे पाहून उठून जातात. हे मला कळत नाही.

घरात एकच माणूस या सर्व काळात निराळे बोलले, ती माझी आजी. पांढरी बट पहिल्यांदा कपाळाकडे आली तेव्हा ती चष्मा लावून पाहत राहिली आणि म्हणाली, "इंदिराबाईवानी दिसायलीस की ग!" आजीने इंदिरा गांधींना सभेत एकदा लांबून पाहिले आहे. त्यांच्या कपाळावरच्या पांढऱ्या बटेचे फोटो जुन्या पिढीला अजून आठवतात. त्या बटेचे कारण काही असो, ती बाईंनी कधी पदराखाली दडवली नाही, आणि तिच्यावरून त्यांना कोणी कोड आहे का असे विचारल्याचे आजीला तरी ठाऊक नाही.

कोणी म्हणेल, एवढे आहे तर सरळ साधा रंग लावावा नि मोकळे व्हावे. ज्याला लावायचा त्याने जरूर लावावा, आधी कानामागे थेंबभर लावून पाहावा एवढेच सांगेन. माझी तक्रार रंगाबद्दल नाही, भीतीबद्दल आहे. लग्नाआधी लपवलेली चाई लग्नानंतर पुन्हा पडली तर काय? ती पुन्हा पडू शकते, डॉक्टरबाईंनी मला तसे स्पष्ट सांगितले आहे. मग त्या मुलीने सासरी कोणाला सांगायचे? "फसवलं" हा शब्द तिथे तिची वाट पाहत असतो. आई म्हणते, खरे सांगितले तर लग्नच होणार नाही. आईचे म्हणणे अनुभवाचे आहे आणि मी ते हसण्यावारी नेत नाही. एक स्थळ गेले ते मी डोळ्यांनी पाहिले. पण मला दोन्हींतले एक निवडायचे असेल तर गेलेले स्थळ परवडले. आणि समजा ते खरेच कोड असते, तर? कोडही लागट नाही. "कोड नाही" असे मी त्या दिवशी घाईने सांगितले त्यात मलाही थोडी सुटका वाटली होती, हे कबूल करते. ज्या मुलीला खरेच कोड आहे तिने माझे ते उत्तर ऐकले असते तर तिला काय वाटले असते, हा विचार मला नंतर सुचला. तेव्हा आत्याबाईंवर बोट दाखवताना माझेही बोट अगदी स्वच्छ नाही.

आपल्या महाविद्यालयात किमान तीन मुली मला माहीत आहेत ज्या बारा महिने स्कार्फ बांधून वर्गात बसतात. उन्हासाठी असेल, दुसरे काही असेलही. पहिल्या वर्षी मीही तशीच बसत होते. वर्गात एकदा सरांनी, अगदी सहज, "स्कार्फवाली, तू सांग" असे म्हटले तेव्हा उत्तर येत असूनही मी उभी राहिले नाही. या वर्षी मी स्कार्फ घरी ठेवून येते. पहिले आठ दिवस सर्वांनी पाहिले. नवव्या दिवशी परीक्षेचे वेळापत्रक लागले आणि सगळे ते पाहायला गेले.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी न्हाऊन मी उन्हात केस वाळवत बसले होते. आई तीळ निवडत होती. ती उठली, माझ्यामागे येऊन उभी राहिली आणि बट बोटात धरून बराच वेळ पाहत राहिली. मग तिने बाबांना हाक मारली.

"इकडं या बरं. मुळाशी काळं यायलंय."

खरेच येत होते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. मी पट्टी लावून मोजले: टोकाकडून नऊ सेंटिमीटर पांढरे आणि मुळाशी दीड सेंटिमीटर काळे. म्हणजे पाहुणे येऊन गेले त्याच सुमाराला आत कुठेतरी रंग भरायला सुरुवात झाली होती. आम्हा कोणालाच ते ठाऊक नव्हते. रंगवलेले केस वाढतात तेव्हा मुळाशी पांढरे नि टोकाला काळे दिसतात. माझे उलटे आहेत. हातपंपावर एकीने विचारले की ही शहरातली नवी फॅशन का, आणि कितीला पडते.

आईने कात्री आणली होती. "पांढरं तेवढं कापून टाकू का? सगळं काळंच दिसंल."

"राहू दे," मी म्हणाले.

ती थोडा वेळ कात्री हातात घेऊन उभी राहिली. मग तिने ती ठेवून दिली आणि तेलाची वाटी घेतली.